गाईडमधली आई

"आपल्या गावच्या नदीचं नाव काय?"

"कृ-ष्णा!"

आमच्या ओरडण्याने छपरावरचे पारवे उडाले. काळमेघ सरांनी समाधानाने डोळे मिटले आणि छडी टेबलावर ठेवली. वर्गाच्या खिडकीतून नदी दिसत होती. नदीत म्हशी बसल्या होत्या आणि त्यातल्या एका म्हशीवर शाळेला दांडी मारलेलं आमच्याच वर्गातलं एक पोट्टं बसलं होतं. त्या नदीचं नाव अडाण. कृष्णा महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या बोरगव्हाणातल्या एकाही माणसाने तिच्यात पाय बुडवला नव्हता.

"सर, पन हे तं अडाण होय," मागून देवानंद म्हणाला.

सरांनी डोळे उघडले. "पुस्तकात आहे का?"

देवानंदने पुस्तकाची दोन पानं उलटली.

"अडाण पुस्तकात आहे का, विचारलं."

"नाई, सर."

"मग?"

हे 'मग?' ते फार चवीने म्हणायचे. पुढे काही बोलायचे नाहीत. बोलायची गरज नसायची, छडी होती.

खरं तर पुस्तकात कृष्णाही नव्हती. पुस्तकात एक रिकामी जागा होती. आमच्या गावच्या नदीचे नाव, पुढे टिंब टिंब टिंब, आहे. पुस्तक करणाऱ्या कुणा शहाण्याला वाटलं असेल की पोरं खिडकीतून बाहेर बघतील आणि टिंबांवर आपल्या नदीचं नाव लिहितील. त्याने काळमेघ सर पाहिले नव्हते. सरांकडे गाईड होतं. ते गाईड कृष्णेच्या काठी कुठेतरी छापलेलं. त्यात सगळ्या टिंबांची उत्तरं तयार होती. नदी कृष्णा. मुख्य पीक ऊस. जवळचा किल्ला पन्हाळा. आमच्या शिवारात कापूस आणि तूर सोडून बाकी काही दिसायचं नाही, ऊस आम्ही फक्त पोळ्याच्या बाजारातून चघळायला आणायचो, पण पेपरात ऊस. ज्याने कापूस लिहिला त्याचा मार्क गेला.

सरांना या पद्धतीचा भारी अभिमान होता. "अभ्यासक्रम म्हणजे काय?" ते पालकसभेत विचारायचे. पालकसभेला तीन-चार म्हातारे आणि गावचं एक कुत्रं एवढेच हजर असायचे. "अभ्यासक्रम म्हणजे क्रमाने अभ्यास. क्रम चुकला की अभ्यास चुकला. माझा पोर्शन दिवाळीत संपतो. तालुक्यात कुणाचा संपत नाही." ते खरंच होतं. दिवाळीत पोर्शन संपायचा आणि मग उन्हाळ्यापर्यंत उजळणी. प्रश्न सर म्हणायचे, उत्तर आम्ही. आम्हाला पुस्तक उलटं धरलं तरी धडा म्हणता यायचा, कारण आम्ही तो वाचतच नव्हतो. फळ्यावर एखादा नवा शब्द लिहिला असता तर अर्धा वर्ग त्याच्याकडे परक्या गावच्या पाहुण्यासारखा बघत बसला असता. पण नवा शब्द लिहिणार कोण? दुसरे गुरुजी कायम कुठल्या तरी मोजणीवर नाहीतर निवडणुकीवर असायचे. शाळा म्हणजे काळमेघ सर, आणि काळमेघ सर म्हणजे गाईड.

मी चौथीत होते. आज मला स्वतःची मुलगी आहे, तीही चौथीत आहे, आणि तिच्या शाळेत कुणी 'पोर्शन' म्हटलं की माझ्या कपाळावर अजून आठी पडते.

आमच्या शाळेत आणखी एक माणूस होतं, ते सरांच्या हिशेबात धरलं जात नसे. माझी माय. शाळेची खिचडी ती शिजवायची. वर्गाच्या मागे पत्र्याची खोली होती, तिथे चूल. सकाळपासून तिथला धूर आमच्या वर्गात यायचा आणि सर खोकत म्हणायचे, "ए खिचडीवाली, काय जाळून राह्यली?" एरवी ते शुद्ध बोलायचे, पण रागावले की वऱ्हाड बाहेर पडायचं. खिचडीबरोबरच माय सरांचा चहा करायची, त्यांची मोटारसायकल पुसायची, वर्ग झाडायची. त्यातलं कुठलंच तिचं काम नव्हतं. पण बाप तालुक्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला, पंधरवड्यातून एकदा यायचा, आणि सरपंचाच्या वहिनीचा डोळा खिचडीच्या कामावर होता. सर त्याची अधूनमधून आठवण करून द्यायचे.

पौषातली गोष्ट. एका सकाळी सर वर्गात आले ते हातात गाईड नाचवतच. साहेब येणार होते. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी, नवीन बदलून आलेले, कडक म्हणून नाव असलेले. पुढच्या सोमवारी.

"निबंध!" सर म्हणाले. "साहेब निबंध विचारतात. माझी आई."

आणि त्यांनी गाईडातली आई फळ्यावर उतरवली. ती मला अजून तोंडपाठ आहे. इच्छा असती तरी विसरता आली नसती. 'माझ्या आईचे नाव शारदा आहे. ती फार गुणी आहे. ती पहाटे उठून अंगणात सडा घालते. सुंदर रांगोळी काढते. तुळशीला पाणी घालते. ती माझा अभ्यास घेते. सणाच्या दिवशी ती बेसनाचे लाडू करते. ती कधीच रागावत नाही. मला माझी आई फार फार आवडते.'

गाईडात 'शारदा'च्या जागी कंसात 'नाव' असं लिहिलेलं असेल, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं. छापणाराही इतका गाढव नसेल. पण नाही, मोठेपणी तसलं एक गाईड रद्दीत सापडलं. शारदाच होतं. नमुना म्हणून. सरांना नमुना आणि उत्तर यातला फरक ठाऊक नव्हता, इतकंच.

आठवडाभर आम्ही शारदा म्हणत होतो. सगळ्यांत मोठा आवाज देवानंदचा. त्याची माय तो पाळण्यात असतानाच वारली होती, मावशीने वाढवलेलं पोरगं. 'मला माझी आई फार फार आवडते' म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. सर त्याच्या पाठीवर थाप मारायचे. त्या माणसाला ठाऊक होतं बरं, की देवानंदला आई नाही. हजेरी त्यांनीच घेतली होती ना चार वर्षं.

सोमवारच्या आधी एका संध्याकाळी मी घरी चुलीपाशी बसून निबंध म्हणत होते. माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"शारदा कोन होय व?"

"आई."

"कोनाची?"

"माही."

मायने माझ्याकडे पाहिलं. "अन् मी?"

"तू तं माय होय."

माय इतकी हसली की भाकरी तव्यावर करपली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी आलं. मला काही समजेना. मला ते अगदी सरळ वाटत होतं. घरात माय असते, तिच्या अंगाला धुराचा वास येतो आणि ती ओरडते. पुस्तकात आई असते, ती तुळशीला पाणी घालते. शाळेतल्या कुठल्याच गोष्टीचा घराशी काही संबंध नसतो, नदीचासुद्धा नसतो, मग आईचा का असावा?

"पाह्य बाप्पा," माय डोळे पुसत म्हणाली, "तुले दोन दोन हायेत. मले तं एकच होती. काय काय करते थे शारदा, सांग बरं पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. माय नवी भाकरी थापत लक्ष देऊन ऐकत होती. सडा झाला, रांगोळी झाली, लाडू झाले.

"ती कधीच रागावत नाही," मी म्हटलं.

"कधीच?"

"कधीच."

"मंग थे मानूस नोहे," माय म्हणाली.

त्यानंतर घरात शारदा आमची चेष्टेची बाब झाली. मी काही मागितलं की माय म्हणायची, "जाय, शारदेले माग." दप्तर सापडेना तर, "शारदा देईन धुंडून." मलाही मजा वाटू लागली. एकदा मी विचारलं, "मंग तुहं नाव काय, माय?"

"माहं? मले कायचं नाव? मी माय हावो."

आणि ती पाणी आणायला निघून गेली. मला खरंच तिचं नाव माहीत नव्हतं. हसू नका. बाप तिला "अवो, आइकलं काय" म्हणायचा. गाव तिला प्रणीची माय म्हणायचं, प्रणी म्हणजे मी, प्रणिता. मामा आला की "बाई" म्हणायचा. सर खिचडीवाली म्हणायचे. तिच्या नावाने कुणी हाक मारलेली मी आयुष्यात ऐकली नव्हती.

शनिवारी सरांनी मायला बोलावलं. मी वर्ग झाडत होते, म्हणून ऐकलं.

"सोमवारी खिचडीत मटार टाकायचे. तेल मी देतो. लुगडं धुतलेलं घालायचं. आणि साहेबांसमोर तोंड उघडायचं नाही. काही वाकडं झालं ना, तर मंगळवारपासून सरपंचाची वहिनी."

"बरं, सर."

"बरं काय? समजलं का?"

"समजलं, सर."

माय बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. पण त्या रात्री तिने शारदेची थट्टा केली नाही. ते काम गेलं असतं तर तिला पुन्हा दुसऱ्याच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जावं लागलं असतं आणि मला बरोबर न्यावं लागलं असतं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरींची शाळा अशीच सुटली होती. मायला ते नको होतं. शाळा कशीही असली तरी मी तिथे बसावं, एवढाच तिचा हट्ट होता.

सोमवारी साहेब आले. जीपमधून उतरले, पोट सांभाळत. कडक वगैरे काही नव्हते. तोंडात पान होतं आणि नजर घड्याळाकडे. सरांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, मग नारळ दिला, मग आणखी एक हार घातला. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, काहीतरी विचारू या. आपल्या गावच्या नदीचं नाव काय?"

"कृ-ष्णा!"

साहेबांचं पान तोंडातच थांबलं. "कृष्णा?"

"कृ-ष्णा!" आम्ही आणखी जोरात ओरडलो. साहेबांना ऐकू कमी येतं असं वाटलं.

"अहो काळमेघ, मी कऱ्हाडचा. कृष्णा माझ्या घरामागं आहे. ती इथं कधी आली?"

सरांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात मी त्यांना विचार करताना पाहिलं ते तेव्हा एकदाच. "साहेब," ते म्हणाले, "मुलांची दृष्टी विशाल व्हावी, संकुचित राहू नये. महाराष्ट्राची नदी ती आपली नदी, असा आमच्या शाळेचा दृष्टिकोन आहे."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले. "दृष्टिकोन! वा." आणि त्यांनी पान चघळायला सुरुवात केली. मला वाटलं होतं साहेब म्हणजे कुणीतरी जाणता माणूस असेल. तो निव्वळ जेवणाची वाट बघणारा माणूस होता.

"निबंध येतो का कुणाला? आईवर?"

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पहिल्या रांगेतल्या पोरीला उभं केलं. "माझ्या आईचे नाव शारदा आहे..." साहेब मान डोलावत होते. मग दुसरी. "माझ्या आईचे नाव शारदा आहे..." साहेबांची मान थांबली. मग देवानंद उभा राहिला, छाती काढून. "माझ्या आईचे नाव शारदा आहे!"

वर्गात कुणी हसलं नाही. देवानंदची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. सर मात्र हसत होते, साहेबांकडे बघून, कसं पोरगं तयार केलंय बघा अशा तोऱ्यात.

"काळमेघ, सगळ्यांच्या आया शारदा?"

"साहेब, या भागात शारदा हे नाव फार चालतं. देवीचं ठाणं आहे ना जवळ." देवीचं ठाणं आमच्या भागात जगदंबेचं होतं. पण आता सर बिनधास्त सुटले होते.

साहेबांना मौज वाटायला लागली होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग. तुझ्या आईचं नाव काय?"

मी उभी राहिले. "शारदा."

"ही आपल्या खिचडीवाल्या बाईचीच मुलगी," सर घाईने म्हणाले. म्हणून बसले, आणि तोंडातून निघताक्षणी त्यांना आपली चूक कळली असावी. कारण साहेब लगेच म्हणाले, "अरे वा, आई इथंच आहे? बोलवा बघू."

माय आली. धुतलेलं लुगडं होतं, पण नाकाच्या शेंड्याला काजळी लागलेली. पदराला हात पुसत ती दारातच थांबली. सर साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि ओठांनी, आवाज न काढता, 'शा' असं काहीतरी करू लागले.

"बाई, नाव काय तुमचं?"

मायने सरांच्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी उभीच होते. मलाही ऐकायचं होतं. सगळ्या वर्गात उत्तराची सगळ्यांत जास्त घाई मलाच झाली असेल.

"शारदा," माय म्हणाली.

सरांनी श्वास सोडला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. साहेबांनी भुवया उंचावल्या, मायकडे एकदा बघितलं, सरांकडे एकदा, आणि उठले. "बरं. खिचडी कुठंय?"

मला फार आनंद झाला होता. वाटलं, पुस्तक खरं निघालं. माय उगाच चेष्टा करत होती, तीच शारदा आहे, तीच आई आहे. आता लाडू पण करेल. खिचडीच्या पंगतीत मी तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही. भराभर वाढत होती.

साहेब मटारांची खिचडी खाऊन, वर जिलबी खाऊन, ढेकर देऊन निघाले. जीपमध्ये बसताना म्हणाले, "काळमेघ, शारदा जरा जास्तच झाल्या हं." म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. कळलं होतं आणि जिलबीही गोड लागली होती. जाताजाता त्यांनी एक सूचना केली, काहीतरी सांगायला हवं म्हणून. "स्वयंपाकाच्या खोलीवर बाईंचं नाव लिहा ठळक. नियम आहे. पुढच्या वेळी बघीन."

शाळा सुटल्यावर मी मायबरोबर नदीकडून घरी निघाले. भांडी घासायची होती म्हणून ती नदीवर थांबली.

"माय, तू शारदा होय?"

"नाई व."

माझे लाडू गेले. "मंग काहून सांगतलं?"

"तुह्या तोंडून निंगालं होतं ना. मी नाई म्हनली असती तं साहेबासमोर तू खोटी पडली असती. अन् त्या मास्तरनं दुसऱ्या दिशी मले हाकललं असतं." ती राखेने पातेलं घासत होती. "तीन नावं झाले आता माहे."

"तीन?"

"एक माह्या बापानं ठेवलं. लग्नात तुह्या आजीनं बदलून वंदना केलं. थे फकस्त पाटावर तांदळात लिवलं, वंदना म्हनून कोनी हाक मारली नाई. अन् पह्यलं नाव म्हनाले आता कोनी उरलं नाई. तिसरं आज मास्तरनं ठेवलं. मले कोनी इचारलंच नाई कधी."

"मी इचारलं होतं."

तिचा हात थांबला. "हो व," ती म्हणाली. "तू इचारलं होतं."

"पह्यलं कोनतं?"

मायने घासलेलं पातेलं पुन्हा राखेने घासायला घेतलं. तिला ते उच्चारायची सवय राहिली नव्हती, हे आज मला कळतं. तेव्हा वाटलं, ती विसरली.

"गुंफा," ती म्हणाली.

तिने ते इतक्या हळू म्हटलं की मला दोनदा विचारावं लागलं.

मंगळवारी सर भलतेच खुशीत होते. साहेबांची सूचना अमलात आणायला ते स्वतः खडू घेऊन मागच्या खोलीवर गेले. तिथे भिंतीवर काळा रंग लावलेला चौकोन होता, त्यावर रोज 'आजचा आहार: खिचडी' लिहिलेलं असायचं. सरांनी त्याखाली सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, 'स्वयंपाकी: सौ. शारदा', हात झटकले आणि ओरडले, "शारदाबाई, चहा टाका!"

माय बाहेर आली. भिंतीकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं व?" तिने मला विचारलं. मी ताटल्या मांडत होते.

"शारदा."

तिने हातातलं ओलं फडकं घेतलं आणि ते नाव पुसून टाकलं. सर बघत राहिले. तिने पायाशी पडलेला खडूचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "लिव."

मी भिंतीपुढे उभी राहिले, खडू टेकवला आणि तिथेच अडले. मला लिहिता कुठे येत होतं? मला फक्त उतरवता येत होतं. गुंफा हा शब्द कुठल्याच धड्यात नव्हता, कुठल्याच उत्तरात नव्हता. चार वर्षं शाळेत जाऊन मला माझ्या मायचं नाव लिहिता येत नव्हतं. मग मी मनात निबंध म्हणायला लागले. दुसरं काही येतच नव्हतं मला. 'ती फार गुणी आहे.' गुणीमधला गु मिळाला. 'अंगणात सडा घालते.' अंगणातलं टिंब घेतलं आणि गुवर ठेवलं. 'फार फार आवडते.' तिथला फा. शारदेच्या निबंधातून एक एक तुकडा काढून मी माझ्या मायचं नाव भिंतीवर लावलं. अक्षरं वाकडी आली, फा तर चौकोनाबाहेर गेला.

"हे काय?" सर पुढे आले. "कोण गुंफा? ही कुठून आली? पुस्तकात..."

सवयीने एवढं बोलून ते थांबले.

"शारदा कोन होय, थे तुमी साहेबाले सांगा, सर," माय म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मी म्हनतो, माहं नाव शारदा नाई. मास्तर माह्याकून खोटं बोलवून घेते, असं सांगतो. तालुक्याले जाऊन सांगतो. मंग ठेवा सरपंचाच्या वहिनीले."

सरांचं तोंड उघडं होतं. चार वर्षं आमची तोंडं उघडायला लावणारा तो माणूस, त्याला एका वाक्याचं उत्तर सुचेना. गाईड वर्गात राहिलं होतं.

"अन् चहा?" ते शेवटी म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले.

"चहा पुस्तकात हाये का, सर?"

ते वळले आणि गेले. मोटारसायकल त्या दिवशीपासून त्यांनी स्वतः पुसली. खिचडीचं काम मायकडे राहिलं, मी सातवी होऊन तालुक्याला जाईपर्यंत आणि त्यानंतरही. सर मात्र बदलले नाहीत. निवृत्त होईपर्यंत दिवाळीत पोर्शन संपवत राहिले, त्यांना कसला तरी पुरस्कारही मिळाला, आणि बोरगव्हाणातल्या पोरांच्या पेपरात कृष्णा वाहतच राहिली. त्यांच्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

त्या मंगळवारी जेवणाची घंटा झाली. पोरं ताटल्या वाजवत मागे आली आणि रांगेत उभी राहिली. पुढे देवानंद. त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे रोजचं सोडून काहीतरी वेगळं लिहिलेलं होतं. सर ते म्हणून दाखवायला नव्हते. पाठ केलेलं नव्हतं. देवानंदने ताटली काखेत धरली, भिंतीजवळ गेला आणि एका अक्षरावर बोट ठेवलं.

"गुं," तो म्हणाला.

माय हातात वाढणी घेऊन थांबली. रांग थांबली. देवानंदचं बोट पुढच्या अक्षरावर गेलं, तिथे अडखळलं, ओठ हलले.

"फा."

"गुंफा," मागचा एक जण म्हणाला. "गुंफा," त्याच्या मागचा. मग सगळी रांग म्हणायला लागली, ओरडून नाही, जो तो स्वतः वाचून, मागेपुढे, वेगवेगळ्या आवाजात. देवानंद मायकडे वळला.

"गुंफा कोन होय?"

"मी," माय म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटलीत खिचडी वाढली.